येळवस आणि मावशींचे दोन प्रश्न

आधीच सांगून टाकते, मी फार बोलते. चिपळूणच्या शाळेत मी मराठी शिकवते, आणि वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलं तयार करायची तर ती माझ्याच हाताखाली असा आमच्याकडे रिवाज पडला आहे. एकदा एका वहीच्या मागच्या पानावर मला वाक्य सापडलं होतं, 'बाई श्वास कधी घेतात?' मी त्या पोराला ओरडले नाही. प्रश्न चांगला होता आणि ऱ्हस्वदीर्घही बरोबर होतं. मराठवाड्याहून परत आल्यापासून मी हा प्रवास शेजारणींना, स्टाफरूममध्ये, अगदी एसटीच्या कंडक्टरलासुद्धा सांगून झाले, पण शेवटपर्यंत ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून आता लिहून काढते. वाचणाऱ्याला निदान मध्येच 'येते हं बाई' म्हणून उठता येत नाही.

गेले ते मुक्तासाठी. मुक्ता माझी एकुलती एक. दहावीला गुण बरे पडले आणि नसीमनं पत्रात लिहिलं, 'पाठव लातूरला, सगळा महाराष्ट्र तिकडं निघालाय.' नसीम नांदेडच्या शाळेत शिकवते. शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात आमची गट्टी जमली ती कायमची. भूकंपाला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती, आणि लातूरचं नाव लोक आता दुसऱ्याच कारणासाठी, तिथल्या क्लाससाठी आणि निकालांसाठी, घेऊ लागले होते. जूनमध्ये मुक्ताला अकरावीला तिथं ठेवून ह्यांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, परतीची गाडी पकडली. मला शाळेतून सुट्टी मिळाली नव्हती.

दिवाळीनंतर मुक्ताची पत्रं दोन पानांवरून दोन ओळींवर आली. दर रविवारी ती बूथवरून फोन करायची. मागे मुलींची रांग, त्यामुळे प्रत्येकीला तीनच मिनिटं. त्या तीन मिनिटांत ती काय म्हणायची? 'हं.' 'बरं.' 'ठेवते.' पोरगी कोमेजली, तिथं तिचं मन लागत नाही, तिला घरी आणायचं आणि इथल्याच कॉलेजात घालायचं, हे मी एका रविवारी ठरवून टाकलं. परतीची दोन आरक्षणं केली, एक माझं आणि एक तिचं.

"तिला विचारलंस का?" ह्यांनी विचारलं.

"त्यात विचारायचं काय? आईला कळतं."

"आणि अमावस्येच्या तोंडावर निघतेस?"

आमच्याकडे अमावस्येला कुणी लांबच्या प्रवासाला निघत नाही. पण खरं सांगू? मुलीची काळजी एकीकडे आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं एवढ्या लांब निघाल्याचा आनंद दुसरीकडे, अशी माझी अवस्था होती. बॅगेत कोकमं, फणसपोळी आणि नसीमसाठी सुके बोंबील घातले आणि निघाले.

नांदेड

नांदेडला उतरले तेव्हा ऊन नुकतं चढत होतं आणि नसीम फलाटावर दोन्ही हात हलवत उभी होती. ऑटोत बसल्यापासून मी एका बाजूनं बाहेर बघत होते आणि दुसऱ्या बाजूनं बोलत होते. तिनं मला आधी गोदावरीवर नेलं. आमच्या नद्या डोंगरातून निघतात आणि खाडी गाठेपर्यंत नुसत्या घाईत असतात. ही बाई मात्र जेवणं आटोपून ओसरीवर पाय पसरून बसल्यासारखी वाहत होती. मग गुरुद्वारात लंगरला बसलो. पोळी ताटात टाकत नाहीत, तुम्ही दोन्ही हात पुढे करायचे आणि ती हातांवर घ्यायची. दोन्ही हात असे गुंतल्यावर बोलणंही आपोआप थांबतं. मी जेमतेम अर्धं जेवण गप्प होते. नसीम म्हणाली, हा विक्रम आहे.

संध्याकाळी तिच्या घरी चहा आणि लुखमी. खिम्याचं सारण भरलेल्या या चौकोनी खुसखुशीत वस्तू मी चार खाल्ल्या, लपवत नाही. नसीमचे अब्बा कातिब होते. छापखान्यांत संगणक यायच्या आधी जुन्या नांदेडातल्या उर्दू लग्नपत्रिका, पाट्या, जाहिराती त्यांच्या बोरूतून उतरायच्या. आता काम उरलं नव्हतं, पण खिडकीपाशी चौरंग, दौत आणि बोरू तसेच मांडलेले. मी म्हटलं, माझ्या मुलीचं नाव लिहून द्या, तिला भेट नेते.

"काय नाव बेटीचं?" त्यांनी बोरू शाईत बुडवून हवेत धरला.

मी सांगू लागले. माझ्या आजीचंही हेच नाव, ती कशी मुलखाची हट्टी, मग मुलीच्या बारशाला सासूबाईंनी वेगळंच नाव सुचवलं, त्यावरून काय झालं... बोरूच्या टोकावरची शाई सुकली. अब्बांनी ती फडक्यानं पुसली, बोरू पुन्हा बुडवला. मी बारशाच्या घुगऱ्यांपर्यंत आले होते. शाई पुन्हा सुकली.

"बेटी," ते अगदी मायेनं म्हणाले, "सिर्फ नाव सांगा. कागज छोटा हाय."

नसीम हसून हसून आत पळाली. मी म्हटलं, "मुक्ता." अब्बांनी श्वास रोखला. खरंच रोखला, छाती हलायची थांबली. हात उजवीकडून डावीकडे सरकला, वर उठला, एक टिंब पडलं, दुसरं पडलं, आणि मग त्यांनी श्वास सोडला. मला ती लिपी वाचता येत नाही, पण अंगावर काटा आला. एक शब्द कागदावर ठेवायला हा माणूस श्वास थांबवतो, आणि मी गेली वीस वर्षं मुलांना सांगते की श्वास घेतल्याचं श्रोत्यांना कळता कामा नये! रात्रभर हाच विचार डोक्यात होता. सकाळी नसीमनं मला लातूरच्या एसटीत बसवलं. ती खिडकीतून काहीतरी महत्त्वाचं सांगत होती, पण तेव्हा मीही बोलत होते.

लातूर: भर दुपारी शुकशुकाट

काय सांगत होती ते लातूरला उतरल्यावर कळलं. सगळं शहर बंद! तुम्ही म्हणाल संप असेल, दंगल असेल. छे, शहर रिकामं होतं. डाळमिलची धुराडी थंड. झेरॉक्सची दुकानं बंद. भिंतीभिंतीवर क्लासच्या पाट्या, पहिल्या आलेल्या मुलामुलींचे हसरे फोटो, आणि त्या फोटोंखाली चिटपाखरू नाही. जिथं रोज हजारो पोरं पाठीवर दप्तर टाकून सायकली हाणतात म्हणे, तिथं एक म्हैस रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसली होती. मला भीती वाटायला हवी होती, पण मला तर नाटकाचा पडदा वर जायच्या आधी रंगमंचावर शिरल्यासारखं वाटत होतं.

विचारत विचारत मुक्ताच्या मेसपर्यंत पोचले. दाराला कुलूप, आणि दारावर खडूनं लिहिलेलं:

'मेस बंद. आज येळवस. सगळ्या पोरी मावशींच्या भावाच्या शेतात. रेणापूरच्या अलीकडे मोठ्या चिंचेपाशी उतरावे. जो येईल त्याला जेवण आहे.'

अक्षर मुक्ताचं! तिचा 'ळ' पहिलीपासून असाच वेटोळं घालतो. त्या कुलपाशी उभी राहून मी ते चार वेळा वाचलं. दिवाळीनंतर तिनं मला एवढं काही लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात एक टेम्पो थांबला. मागे आज्या, पोरं, मडकी, घोंगड्या, सगळं खच्चून भरलेलं.

"ओ बाई, येळवशीला एकल्या कुठं निघालाव?" एका म्हातारीनं विचारलं.

मी चिंचेचं सांगितलं.

"चढा की मंग. आमचं रान त्याच्या फुडं हाय."

कोण, कुठली, काही विचारलं नाही. एका पोराला मांडीवर घ्यायला दिलं आणि टेम्पो सुटला. वाटेत म्हातारीनं सांगितलं ते असं: मार्गशीर्षातली अमावस्या ती वेळ अमावस्या, म्हणजे येळवस. या दिवशी इकडे घरात कुणी थांबत नाही. ज्याचं रान आहे तो रानात जातो, ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या रानात जातो, आणि जेवल्याशिवाय कुणालाच सोडत नाहीत. आमची अमावस्या दारात लिंबू-मिरची बांधते आणि यांची अमावस्या गावजेवण घालते!

रेणापूरच्या अलीकडे

हे रान बघायला तुम्ही एकदा जाच. आमची लाल माती पावलाखाली करकरते, इथली काळी माती पाऊल धरून ठेवते. माणसाच्या डोक्यावर गेलेली ज्वारी, मध्ये तुरीची पिवळी रांग, आणि त्यात कडब्याच्या पेंढ्या उभ्या लावून केलेली खोपटी. तिला कोप म्हणतात. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडलेले, ते पांडव. एक जण मडक्यातलं आंबील ज्वारीवर शिंपडत पिकाभोवती धावतो आणि 'ओलगे ओलगे' अशी आरोळी देतो. मी लगेच अर्थ विचारला. मावशींचे भाऊ म्हणाले, "अर्थ आमच्या आज्यालाबी ठावं नव्हता. कानडी असंल. पर म्हनल्याबिगर जमत न्हाई." अर्थ माहीत नसलेला शब्द पिढ्यान्‌पिढ्या इतक्या प्रेमानं सांभाळून ठेवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मराठीच्या बाईला याहून मोठी मेजवानी कोणती?

कोपीपाशी दहा-बारा मुली बसल्या होत्या, आणि त्यात मुक्ता. उन्हानं रापलेली, केसांत तुरीचं फूल. मी धावले, मिठी मारली आणि तिनं तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "किती वाळलीस गं! काही काळजी करू नकोस, तुझंही परतीचं तिकीट काढलंय, परवाच्या गाडीचं!"

मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हं."

मेसच्या मावशी पन्नाशीच्या, उंच, कपाळ मोकळं. शेवंतामावशी. त्यांनी मला पानावर बसवलं. भज्जी म्हणजे हिरवे दाणे, शेंगा, पालेभाज्या सगळं एकत्र शिजवून ताक-बेसनात घोटलेलं. सोबत बाजरीचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे, गव्हाचा खिचडा, तिळाची पोळी, आणि मातीच्या भांड्यातून थंडगार आंबट आंबील. आमच्या सोलकढीला मी जन्मभर मानत आले आहे, पण त्या दुपारी तिला सख्खी बहीण मिळाली. खाता खाता मी बोलत होते, मुली हसत होत्या, सगळं कसं छान चाललं होतं.

आणि तो आवाज आला.

आधी वाटलं, लांबून जड ट्रक गेला. पण आवाज कानांच्या आधी मांडीला कळला. घुमत आला, पायांखालून गेला आणि थांबला. ज्वारीतली पाखरं एकदम उठली. मुलींचे घास हातात राहिले. मावशींनी उजवा तळहात मातीवर सपाट टेकवला आणि डोळे मिटून तशाच बसल्या. थोड्या वेळानं भाऊ म्हणाले, "गेला. वाढा आता."

जमिनीतून येणाऱ्या अशा आवाजांविषयी मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. प्रत्यक्ष ऐकला! माझा उत्साह ओसंडून गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला. "काय होतं हे? नेहमी येतो का? मावशी, त्या भूकंपात तुम्ही कुठं होतात? तुमचं गाव त्याच भागातलं ना? घर पडलं? घरातलं कुणी—"

"आई!"

मुक्ता एवढंच म्हणाली. मावशी उठल्या, रिकामी घागर घेतली आणि विहिरीकडे गेल्या. मुक्ता त्यांच्या मागून गेली. वळून माझ्याकडे बघितलंही नाही. सगळ्यांनी मान खाली घालून जेवायला सुरुवात केली आणि मी हातातल्या आंबिलाकडे बघत बसले. जन्मात पहिल्यांदा मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

मेसची सकाळ

दुसऱ्या दिवशी लातूर असं काही जागं झालं की काल पाहिलेलं शहर खरं होतं की स्वप्न, कळेना. पहाटेपासून सायकलींच्या घंट्या, ऑटोंचे भोंगे, डाळीच्या टरफलांचा वास. मला झोपायला मेसमध्येच जागा दिली होती. मुक्ताशी काल धड बोलणं झालं नव्हतं आणि परतीची गाडी दुसऱ्याच दिवशी होती. मी ओट्याच्या कडेला पाट घेऊन बसले. माफी मागायची होती, पण शब्द जुळेनात. माझे, आणि शब्द जुळेनात!

मावशी भाकरी थापत होत्या. तेवढ्यात एक मुलगी वही घेऊन आली आणि ओट्यासमोर उभी राहिली. तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी. मला वाटलं, उधार-उसनवारीची काही नोंद असेल.

"बोल," मावशी म्हणाल्या.

"मावशी, डाउट हाय. वस्तू गोल फिरते तेव्हा तिच्यावरचं बल केंद्राकडं असतं. मग ती आत का पडत नाही?"

"म्हंजे काय?"

मुलगी अडखळली. तिनं पुस्तकातलं वाक्य पुन्हा म्हटलं. मावशींनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि तेच विचारलं, "म्हंजे काय?"

"म्हणजे... समजा... काल रानात तुमच्या भाच्यानं गोफण फिरवली ना? दगड बाहेर पळायला बघतो. नाही, थांबा. दगड सरळ पळायला बघतो. दोरी त्याला आत ओढून वळवते. सारखी वळवते. त्याची सगळी पडापडी वळण्यातच जाते. दोरी सोडली की सरळ सुटतो!"

"मंग?"

मुलीनं वर पाहिलं. तिचे भिरभिरणारे डोळे एका जागी आले. "मग काही नाही! कळलं!" असं ओरडून ती वही मिटून पळाली.

मी पाटावरून जवळजवळ उठलेच. मावशींना विचारलं, "तुम्हाला कळलं ते?"

"मला काय कळतंय बाई, मी चौथी नापास. मी पोरीच्या डोळ्यांकडं बगती. कळलं की डोळे थांबत्यात." त्यांनी पुढची भाकरी घेतली. "क्लासच्या सरांचा नियम हाय. आधी मावशीला सांगायचं. मावशीचे दोन प्रश्न झाल्यावरबी डाउट उरला, तर सरांकडं जायाचं."

"उरतो का?"

"धा डाउटांतला एक उरतोय."

मला इतका आनंद झाला की काय सांगू! शंका नीट मांडली की अर्धी सुटते, हे मी फळ्यावर सुविचार म्हणून किती वेळा लिहिलंय. इथं ते चुलीपाशी रोज सकाळी घडत होतं. माझ्या वर्गात मुलं भाषण घडाघडा म्हणतात आणि टाळ्या घेतात. 'म्हणजे काय' असं मी एकालाही कधी विचारलं नव्हतं.

मुलींची रांग संपली. मावशींनी पीठ पुन्हा मळायला घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काल तुमी इचारलं, मी कुठं हुते."

"मावशी, चुकलं माझं—"

"आयका." त्यांनी एवढंच म्हटलं आणि मी खरोखर ऐकलं. "मी भावाकडं हुते. भांडून आलते. निघताना नवऱ्याला म्हनलं हुतं, पुन्ना तुमचं तोंड बगणार न्हाई. तिसऱ्या दिवशी पहाटं गाव गेलं. नवरा गेला, सासू गेली. मी म्हनले तसंच झालं."

त्या थापत राहिल्या. हाताची लय मोडली नाही.

"लई वरीस मला वाटायचं, माझ्या शब्दानं जमीन हालली. कुनाला सांगनार? मंग हितं मेस घातली. सर तवा नवे हुते, माझ्याकडं जेवायचे. एकदा इचारलं त्यास्नी, सर, शब्दानं जमीन हालती का? हसले न्हाईत. पंदरा दिस रोज जेवताना समजावलं, खाली खडक कसे दाबत्यात, कसे तुटत्यात. मला कळंना की मी म्हनायची, म्हंजे काय? कळलं की म्हनायची, मंग? सर एकदा वैतागून म्हनले, मावशी, मलाच नीट येत न्हाई बगा हे! मंग पुस्तक उघडून बसले. तवापास्नं पोरींनाबी माझ्याकडं धाडत्यात."

"मग? कळलं तुम्हाला?"

"हाव. शब्दानं जमीन न्हाई हालत. मानूस हालतंय." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मंग मी सरांना दुसरं इचारलं. समदे गेले आन्‌ मीच का वाचले? त्यावर सरांनी पुस्तक मिटलं. मंग म्हनले, मावशी, हे मला माहीत न्हाई. कुनालाच माहीत न्हाई. त्या दिसापास्नं मला झोप लागाया लागली."

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसावं असंही वाटलं नाही. ज्याचं उत्तर निघतं ते आणि ज्याचं कधीच निघणार नाही ते, अशी दोन ओझी ही बाई वर्षानुवर्षं एकाच गाठोड्यात बांधून वाहत होती. कुणीतरी शांतपणे गाठ सोडली आणि दोन्ही वेगळी केली, एवढंच झालं होतं. पहिलं ओझं तिथंच उतरलं. दुसरं तिच्यापाशी राहिलं, पण मग निदान झोप येऊ लागली. काल मातीवर टेकवलेला तो तळहात मला आठवला.

"आता तुमचा डाउट सांगा," मावशी म्हणाल्या.

"माझा?"

"इतक्या लांबून आलाव. उगं आला असाल व्हय?"

मी सावरून बसले. विषय माझा, वक्ता मीच. "मुक्ता बोलत नाही. कोमेजलीय. तिला घरी न्यायचंय."

"म्हंजे काय?"

"म्हणजे फोनवर नुसतं हं हं करते."

"फोनवर तुमी काय बोलता?"

मी आठवू लागले. ह्यांच्या गुडघ्याचं सांगते. मांजरीला पिल्लं झाली ते सांगते. स्टाफरूममधली भांडणं, हापूसचा मोहोर, मुख्याध्यापकांचा नवा फतवा. आणि मग ती म्हणते, ठेवते. तीन मिनिटं झालेली असतात. मी हे सगळं मोठ्यानं म्हणत होते आणि म्हणता म्हणताच मला ते ऐकू येत होतं.

"म्हंजे काय?" मावशींनी भाकरी उलटली.

"म्हणजे..." मी पाटाची कड धरली. "म्हणजे ती गेल्यापासून घर खायला उठतं, मावशी. तिथं माझं ऐकायला कुणी नाही."

"मंग?"

पुढं वाक्यच नव्हतं. चाळीस वर्षांच्या बोलण्यात मी कधी अशी कोरडी पडले नव्हते. तव्यावरून वाफ येत होती. आणि मला दारात पावलांची चाहूल लागली. मुक्ता ताटं घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

"आई," ती म्हणाली, "मला राहायचंय."

माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली. अकरावीची परीक्षा, तिची तब्येत, कालचा तो आवाज, तिकीट. ती सगळी मी गिळली. अब्बांसारखा श्वास रोखला आणि विचारलं, "म्हणजे काय?"

मुक्तानं ताटं खाली ठेवली. "मला इथं भीती वाटते. जमिनीची वाटते, परीक्षेची वाटते. घरची आठवण येते. पहिले दोन महिने मी रोज रडायचे. पण इथं माझं वाक्य पुरं होईपर्यंत कुणीतरी थांबतं, आई. घरी मी कधी शेवटापर्यंत पोचलेच नाही. नापास झाले तर होईन, पण मला राहायचंय."

केवढं लागलं मला! आणि त्याच वेळी, खोटं नाही सांगत, ऊर भरून आला. केवढं सरळ, नितळ बोलली पोरगी! वक्तृत्वाच्या एकाही करंडकाला असं भाषण मी ऐकलेलं नाही.

"मग?" मी विचारलं.

मुक्ता हसली, जूननंतर पहिल्यांदा. "मग काही नाही. मावशी, भाकरी करपतेय."

परत

परतीच्या गाडीत शेजारची जागा रिकामी होती. वाटेत एक बाई विचारून तिथं बसल्या आणि पुण्यापर्यंत आपल्या सुनेबद्दल बोलत राहिल्या. मी ऐकलं. मध्ये दोनदा 'म्हणजे काय' विचारलं, तर त्या चक्क थांबून विचारात पडल्या. अब्बांनी लिहिलेलं नाव मी मुक्ताच्या खोलीत, खिडकीशेजारी लावून आले होते. मुली विचारत होत्या, हे काय लिहिलंय? मुक्ता त्यांना सांगत होती, "माझं नाव. एवढंच." ह्यांनी मला स्टँडवर एकटीला उतरताना पाहिलं. बॅग घेतली फक्त.

रविवारी बरोबर वेळेवर फोन वाजला. मी खुर्ची ओढून बसले, पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि गप्प राहिले. पलीकडून बूथमधली कुजबुज ऐकू येत होती, सायकलची घंटा ऐकू येत होती.

"हॅलो?" मुक्ता म्हणाली. मी श्वास रोखून धरला. "हॅलो? आई? लाइन कट झाली का? आई, आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं. "बोल."

आणि ती बोलायला लागली.